ॲटिकमधे (छपराखालच्या माळ्यावर) रकून शिरलाय, बहुतेक पिल्लंही आहेत. काय करू? (स्कारबरो, टोरांटो, कॅनडा)

रानजाई

मंडळी नमस्कार, जरा तातडीचं आहे म्हणून थेट विचारते. आम्ही स्कारबरोत राहतो, घर जुनं आहे, मागच्या नोव्हेंबरात घेतलं. गेले दहा-बारा दिवस रात्री साडेनऊ-दहाच्या सुमाराला बेडरूमच्या बरोब्बर वर कोणीतरी चालल्याचा आवाज येतो, उंदरासारखा खुडखुड नाही, चांगला धप धप वजनदार, आणि पहाटे चार-साडेचारला परत तसाच. आधी वाटलं खार असेल पण खारी दिवसा धावतात ना. शेवटी परवा नवरा ड्राइव्हवेवर थांबून बघत होता तर गॅरेजच्या छपरावरून एक गलेलठ्ठ रकून (डोळ्यांभोवती काळा पट्टा असलेलं, मांजरापेक्षा मोठं इथलं रानटी जनावर) चढला, आणि जिथे गॅरेजचं छप्पर मोठ्या छपराला मिळतं त्या कोपऱ्यातला सॉफिटचा (छपराच्या पुढे आलेल्या कडेखालचा) पत्रा हाताने बाजूला करून आत गेला, आपण दार लोटून घरात जातो तसा.

आता खरी काळजी पुढे आहे. दोन दिवसांपासून त्याच जागेतून बारीक चिवचिव ऐकू येतेय, पक्ष्याच्या पिल्लांसारखी, मधेच कुईं कुईं. म्हणजे पिल्लं झाली असणार असं मला वाटतंय.

शिवाय मागच्या डेकवर, म्हणजे लाकडी ओट्यावर, एका कोपऱ्यात रोज विष्ठा पडलेली असते, एकाच जागी. सासूबाई साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आल्यात, त्यांना वाटलं मांजर आहे, त्या बिचाऱ्या रोज सकाळी झाडूने झाडून पाणी मारतात. आमचा मुलगा अडीच वर्षांचा आहे आणि तो त्याच डेकवर खेळतो. सासूबाईंची अजून एक सवय म्हणजे रोज जेवायच्या आधी चिमण्या-कावळ्यांसाठी भाताचा घास बाहेर कठड्यावर ठेवायचा, गावाकडे आयुष्यभर केलंय त्यांनी, त्यामुळे नको म्हणायला जीभ उचलत नाही.

नवऱ्याचं म्हणणं, हार्डवेअरच्या दुकानात पिंजरा मिळतो तो आणायचा, आत काहीतरी खायला ठेवून पकडायचा आणि गाडीत घालून साठ-सत्तर किलोमीटर लांब जंगलात सोडून यायचं. मला ते पटत नाहीये, पण माझ्याकडे दुसरं उत्तरही नाही. आणि काल तो दुपारी दोन वाजता कुंपणावर दिसला, दिवसा दिसला म्हणजे पिसाळलेला असतो असं शेजारीण म्हणाली, ते खरं का? कुणी यातून गेलं असेल तर प्लीज सांगा.

काळीमैना

रानजाई, पहिलं म्हणजे आज पिंजरा आणू नका, नवऱ्याला आज रात्रीपुरतं तरी थांबवा. मी टोरांटोत एकोणीस वर्षं आहे आणि आमच्याकडे दोनदा झालंय, एकदा मी चूक केली आणि एकदा नीट झालं, म्हणून जरा लांब लिहिते.

तुमच्या वर जी आहे ती मादी आहे हे जवळजवळ नक्की समजा. नर पिल्लांजवळ राहत नाही, सगळं आईच करते. यांचा गरोदरपणा नऊ आठवड्यांचा असतो आणि आपल्याकडे मार्च ते मे हाच बाळंतपणाचा हंगाम, म्हणून या दिवसांत ॲटिक, गॅरेज, चिमणी, शेड असली कोरडी उबदार जागा ती शोधते. एका वेळी तीन ते पाच पिल्लं होतात, तीन आठवडे डोळेसुद्धा उघडत नाहीत, आणि आईमागे बाहेर पडायला आठ-दहा आठवडे लागतात. तुम्हाला जी चिवचिव येतेय ती तान्ह्या पिल्लांचीच.

आता विचार करा, आई पिंजऱ्यात अडकली आणि साठ किलोमीटरवर गेली तर वर ही चार पिल्लं उपाशी मरणार. मरताना दोन-तीन दिवस रडणार, ते तुम्हाला तुमच्या पलंगावर झोपून ऐकावं लागणार, आणि नंतर त्या इन्सुलेशनमधून (थंडीसाठी घातलेल्या थरातून) येणारा वास. माझी चूक हीच होती. २०१० साली एका माणसाला बोलावलं, त्याने "एका दिवसात काम" म्हणून भोकच बंद करून टाकलं, आई बाहेर आणि पिल्लं आत. त्या रात्री तिने माझ्या छपराचे शिंगल उचकटून काढले, खालचं लाकूड कुरतडलं, सकाळी तिथे डोकं आत जाईल एवढं भगदाड होतं. तिला राग नव्हता आला, तिला आत जायचं होतं. ते आठवलं की अजूनही माझ्या पोटात कालवतं.

दुसरं म्हणजे कायदा. आपल्या ऑन्टारिओ प्रांतात पकडलेला रकून एक किलोमीटरपेक्षा लांब नेऊन सोडता येत नाही आणि चोवीस तासांच्या आत सोडावा लागतो. म्हणजे ती साठ-सत्तर किलोमीटरची कल्पना बेकायदेशीर आहे. आणि एक किलोमीटरवर सोडला तर तो परत येतो हे सांगायला नको.

मग करायचं काय. तिला स्वतःहून जायला लावायचं. पिल्लांची आई एकाच जागेवर अवलंबून नसते, आसपास तिला अजून दोन-चार जागा माहीत असतात. सध्याची जागा शांत, अंधारी आणि सुरक्षित राहिली नाही असं तिला वाटलं की ती एकेक पिल्लू मानेला धरून दुसरीकडे हलवते, अगदी मांजरी हलवते तसं. तर ॲटिकच्या झाकणातून एक चांगला प्रखर दिवा आत लावा, एक रेडिओ ठेवा आणि त्यावर गाणी नको, माणसं बोलतायत असं स्टेशन लावा, माणसाच्या आवाजाने त्या जास्त अस्वस्थ होतात. व्हिनेगरमधे भिजवलेली फडकी झाकणाजवळ ठेवा. पिल्लांच्या जवळ अजिबात जाऊ नका, आई आत असेल तर ती अंगावर येईल. आणि ॲटिकमधे पाय टाकायचा झाला तर लाकडी तुळयांवरच टाका, मधल्या इन्सुलेशनवर पाय दिलात तर खालचं ड्रायवॉल फुटून पाय बेडरूममधे येतो.

या सगळ्या काळात बाहेरचं भोक उघडंच ठेवायचं. दोन-चार रात्रींत फरक पडतो, कधी आठवडा लागतो. आवाज थांबला की भोकात वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवा, दोन-तीन रात्री ते जागचे हलले नाहीत तर आत कुणी नाही असं समजायचं आणि मगच बंद करायचं. बंद करताना अर्धा इंच चौकोनाची जाड गॅल्व्हनाइज्ड जाळी, स्क्रू आणि वॉशरने. चिकन वायर लावू नका, ती त्यांच्या हातात कागदासारखी फाटते. फोमचा तर विचारच नको.

स्वतः वर चढायची भीती वाटत असेल तर इथे पिल्लांसकट नीट काढणारे लोक आहेत. ते पिल्लं हातमोजे घालून काढतात, उबदार पेटीत भोकाच्या बाहेरच ठेवतात, भोकाला एकाच दिशेने उघडणारं दार लावतात, आई बाहेर पडते, परत आत जाता येत नाही, मग पेटीतून एकेक पिल्लू घेऊन जाते. बोलावण्याआधी फोनवर एकच प्रश्न विचारा, पिल्लांचं काय करता? उत्तर टाळलं तर फोन ठेवा. माझ्याकडे दुसऱ्या वेळेस साडेसातशे डॉलर गेले, पण सगळी जाळी त्यातच बसवून मिळाली आणि त्यानंतर आजतागायत कोणी आलेलं नाही.

दिवसा दिसण्याबद्दल: दूध पाजणारी आई भुकेली असते, दिवसाही बाहेर पडते, त्यावरून पिसाळलेली ठरत नाही. पण झोकांड्या खात असेल, गोल गोल फिरत असेल, डोळ्यांतून घाण येत असेल, माणसाला बघूनही हलत नसेल तर जवळ न जाता ३११ ला (शहराच्या मदत क्रमांकावर) फोन करा. टोरांटोत असं दिसलं तर पुष्कळदा डिस्टेंपर नावाचा विषाणूचा आजार निघतो, तो माणसाला होत नाही पण कुत्र्यांना होतो.

मिसिसागाकर

काळीमैनाताई, तुमचं बरोबर असेल पण मला नवऱ्याची बाजू कळते हो. घर घेताना पोटाला चिमटा काढून पैसे भरतो आणि एक जनावर येऊन वर हगून-मुतून ठेवतं, इन्सुलेशन बदलायला हजारो डॉलर. माझ्या शेजाऱ्याने पाच वर्षांपूर्वी पिंजऱ्याने दोन पकडले आणि लांब सोडले, कोणी विचारलं नाही. महिन्याभरात तिसरा आला तिथेच, हे मात्र खरं सांगतो. भोक तसंच होतं ना. म्हणजे पकडून उपयोग झाला नाही हेही मान्य करतो.

एडिसनची_नीलिमा

मी न्यू जर्सीतून लिहितेय, आमच्याकडचे नियम वेगळे आहेत त्यामुळे कायद्याबद्दल बोलत नाही, पण लांब नेऊन सोडण्याबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. मी पब्लिक हेल्थमधे काम करते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर रकूनमधला रेबीज आज सगळीकडे मुरलाय, तो आला कसा? आधी तो फ्लोरिडा-जॉर्जियाकडे होता. १९७० च्या दशकात शिकारीसाठी तिकडचे रकून पकडून व्हर्जिनिया-वेस्ट व्हर्जिनियाच्या भागात आणून सोडले गेले, त्यात आजारी जनावरं होती, आणि १९७७ मधे वेस्ट व्हर्जिनियात पहिली केस सापडली. तिथून तो उत्तरेला सरकत सरकत कॅनडाच्या सीमेपर्यंत गेला. तुमच्याच ऑन्टारिओत डिसेंबर २०१५ मधे हॅमिल्टनला उद्रेक झाला आणि सरकारला लसीची आमिषं जंगलात आणि वस्तीत टाकत बसावं लागलं. चांगल्या मनाने लांब सोडलेलं एक जनावर असं महागात पडू शकतं, म्हणून तो एक किलोमीटरचा नियम आहे, अधिकाऱ्यांची लहर नाही.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, रानजाई, जे सगळ्यांनी सोडून दिलं: डेकवरची विष्ठा. प्लीज आजपासून सासूबाईंना झाडू मारू देऊ नका. रकून एकच जागा ठरवून तिथेच शी करतात, आणि त्यांच्या पोटात एक गोल जंत असतो, बेलिसास्कॅरिस नावाचा. त्याची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात, दोन ते चार आठवड्यांत ती संसर्ग करण्यासारखी होतात आणि मग मातीत वर्षानुवर्षं टिकतात. ब्लीचने मरत नाहीत. माणसांत हा आजार फार क्वचित होतो, घाबरवायचं म्हणून सांगत नाही, पण झाला तर अळ्या मेंदूत नाहीतर डोळ्यात जातात, आणि ज्या केसेस झाल्यात त्यांत हात-माती तोंडात घालणारी लहान मुलंच जास्त. अडीच वर्षांचं मूल म्हणजे नेमकं तेच वय.

ताजी विष्ठा रोजच्या रोज उचलली तर धोका फार कमी, कारण अंडी अजून तयार झालेली नसतात. हातमोजे, मास्क, टाकून द्यायचे बूट-कव्हर किंवा धुता येणारे गमबूट. आधी थोडं पाणी शिंपडून ओलं करा म्हणजे धूळ उडणार नाही, कोरडं झाडायचं नाही. फावड्याने किंवा पिशवी हातात घालून उचला, दोन पिशव्यांत बांधा. नंतर त्या जागेवर उकळतं पाणी ओता, अगदी खळखळ उकळतं, गरम नव्हे. नळाचा जोराचा फवारा मारू नका, त्याने घाण चहूकडे पसरते. काम संपेपर्यंत बाळाला डेकवर सोडू नका. आजवर सासूबाईंनी रोज ताजीच काढलीये म्हणजे एका अर्थाने त्यांच्या कष्टांनी तुमचा धोका कमीच ठेवलाय, त्यांना हे नक्की सांगा. तरी डॉक्टरांच्या कानावर घाला, मुलाने तिथलं काही तोंडात घातल्याचं आठवत असेल तर लगेच.

पर्वतीपायथा

मी पुण्यातून वाचतोय, आमच्याकडे रकून नाही पण अगदी असाच त्रास आमच्या जुन्या वाड्यात उदमांजराचा होता, कौलांखाली माळ्यावर राहायचं, रात्रभर धाडधाड आणि पेरूच्या बिया पडलेल्या. आम्ही माळ्यावर डांबरगोळ्या टाकल्या आणि लाल तिखट भुरभुरलं, गेलं बुवा. करून बघा, स्वस्तात काम.

काळीमैना

पर्वतीपायथा, भावना पोचली पण डांबरगोळ्या इथे नको. इथली घरं बंद असतात, ॲटिकमधली वाफ व्हेंट आणि दिव्यांच्या फटींतून खाली खोल्यांत उतरते, नॅफ्थलीन लहान मुलाच्या छातीत जाणं चांगलं नाही. शिवाय इथे त्या फक्त कपड्यांच्या बंद पेटीत वापरायला परवानगी आहे, उघड्यावर जनावरांसाठी टाकणं नियमात बसत नाही. तिखटाचं म्हणाल तर एका पावसात धुऊन जातं, आणि तान्ह्या पिल्लांच्या डोळ्यात गेलं तर काय. कौलारू माळा चारी बाजूंनी मोकळा असतो, तिथलं गणित वेगळं.

कासेलवाडी

जर्मनीतून, कासेल. आमच्या गावात रकून इतके आहेत की लोक याला युरोपातली रकूनची राजधानी म्हणतात. इथले मूळचे नाहीत, १९३४ मधे जवळच एडरझे तलावाकाठी दोन जोड्या सोडल्या, त्यांचीच ही प्रजा. कायदा तुमच्याहून एकदम वेगळा आहे म्हणून तो सोडा, पण एक युक्ती कामाची. इथे लोक पावसाच्या पाइपला गुळगुळीत पत्र्याचं वेष्टण घालतात, साधारण एक मीटर उंचीचं, नखं रुततच नाहीत. रकून पाइप आणि घराचा कोपरा यांच्यामधे अंग अडकवून चढतो, त्यामुळे पत्रा पूर्ण गोल फिरवायचा. आणि छपराला टेकलेली फांदी दीड-दोन मीटर मागे छाटायची. तुमच्याकडे तो गॅरेजवर कशावरून चढतो ते आधी शोधा.

मिसिसागाकर

हे पाइपचं चांगलंय. मी खाण्याबद्दल सांगतो कारण मुळात ते तिथे खायला येतात. रानजाई, तुमची ग्रीन बिन (ओल्या कचऱ्याचा डबा) कुठे असते? टोरांटोने २०१६ पासून जी नवीन बिन दिलीये तिच्या झाकणावर फिरवायची कडी आहे, ती ट्रकच्या हाताने उलटी केल्यावरच आपोआप सुटते, नाहीतर माणसाने फिरवावी लागते. रकूनला अंगठा आपल्यासारखा वळत नाही, त्यामुळे ती फिरवणं त्याला जड जातं. पण आपले लोक, पाहुणे, मुलं झाकण टाकतात आणि कडी फिरवतच नाहीत, माझ्या मेव्हण्याकडे बघितलंय. कडी ढिली झाली असेल तर ३११ ला सांगा, दुरुस्त करतात नाहीतर बदलून देतात. मासे-कोंबडीचं उरलेलं मी कलेक्शनच्या दिवसापर्यंत फ्रीझरमधे ठेवतो, बायको आधी नाक मुरडायची, आता तीच करते. बिन आदल्या रात्री नको, सकाळी सातच्या आत बाहेर.

आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात लॉन गालिच्यासारखं गुंडाळून ठेवलेलं दिसलं तर तेही यांचंच काम, गवताच्या मुळांशी भुंगेऱ्यांच्या पांढऱ्या अळ्या असतात त्या खायला. इथे लॉनवर शोभेसाठी कीटकनाशक मारायला २००९ पासून बंदी आहे, नर्सरीत नेमाटोड (अळ्या मारणारे सूक्ष्म कृमी) मिळतात, ऑगस्टअखेर-सप्टेंबरात संध्याकाळी ओल्या मातीवर सोडायचे. अळ्या संपल्या की खणणं थांबतं.

रानजाई

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी, वाचताना डोळे भरून आले खरंच. नीलिमाताई, विष्ठेचं आम्हाला काहीच माहीत नव्हतं, आज सकाळी नवऱ्याने मास्क-ग्लोव्हज घालून साफ केलं आणि चार किटल्या उकळतं पाणी ओतलं. सासूबाईंना तुमचं वाक्य वाचून दाखवलं. पिंजरा बाद. नवरा म्हणाला पिल्लांचं डोक्यातच आलं नव्हतं.

घासाचं मात्र कसं सांगू? त्यांना पितृपक्षातही काकबळी ठेवायचा असतो.

काळीमैना

अगं सोपं आहे. माझ्या आई इथे होत्या तेव्हा आम्ही ताट सकाळी उजेडात ठेवायचो, आई तिथेच खुर्ची टाकून बसायच्या, अर्ध्या-पाऊण तासाने उरलेलं उचलून आत. रकून अंधार पडायच्या वेळेचा आहे. रोजचा भात मात्र बंद करायला हवा, टोरांटोत २०२३ पासून स्वतःच्या आवारातसुद्धा रानटी प्राण्यांना खायला घालायला मनाई आहे, तेवढं त्यांना समजावून सांग. पक्ष्यांची हौस असेल तर खांबावर टांगलेलं दाण्यांचं फीडर चालतं, खाली सांडलेलं रोज झाडायचं. आणि सासूबाईंना खरं कारण सांग, की वर एक लेकुरवाळी आहे आणि तिला इथून हलायला लावायचंय. त्या पिढीला हे लगेच कळतं.

रानजाई

तीन आठवड्यांनी लिहितेय. पहिले चार दिवस काहीच झालं नाही, रेडिओ चोवीस तास बडबडत होता, आम्हालाच झोप नाही. पाचव्या रात्री पावणेअकराला सासूबाईंनी हाक मारली, त्या खिडकीशी बसून होत्या. ती भोकातून बाहेर आली, तोंडात पिल्लू, मानेला धरलेलं, गॅरेजच्या छपरावरून खाली उतरली, कुंपणावरून मागच्या गल्लीकडे गेली. वीसेक मिनिटांनी परत आली. असं चार वेळा. सासूबाई जागच्या उठल्या नाहीत, चौथं नेलं तेव्हा म्हणाल्या, आता पाचव्यांदा येऊन बघेल, मागे कुणी राहिलं का ते. आणि खरंच आली, आत गेली, रिकामी बाहेर आली.

तीन रात्री वर्तमानपत्राचे बोळे जागेवर होते. मग रूफर बोलावून सॉफिटचा तो कोपरा नवीन पत्र्याने आणि आतून जाळीने बंद केला, वरच्या दोन व्हेंटनाही जाळी घातली. गॅरेजला टेकलेली मेपलची फांदी कापली, तिथूनच चढत होती. आतलं इन्सुलेशन साधारण दोन बाय दोन मीटर खराब झालंय, तेवढंच बदलणार.

आता राहिला डेक. खाली एका बाजूने मोकळा आहे आणि काल तिथे पंजाचे ठसे दिसले, लहान मुलाच्या हातासारखे, पाच बोटं. आत कुणी नाही याची खात्री करूनच जाळी लावणार, त्यासाठी इथेही बोळे कोंबून बघतोय. पण जाळी जमिनीत किती खोल न्यायची?

काळीमैना

एक फूट खाली, मग बाहेरच्या बाजूला अजून एक फूट आडवी वळव, इंग्रजी एल सारखी, आणि वर माती टाक. उकरायला आली तर कडेलाच उकरते, तिथे तिला जाळी लागते. एक बाजू शेवटपर्यंत उघडी ठेव आणि तीसुद्धा रात्र पडल्यावर, ती बाहेर गेल्यावर बंद कर.